मुंबई ते लंडन: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी

मुलगी लंडनजवळ नोकरीला, नाहीतर मुलगा शिकायला गेलेला, आणि आई-बाबा पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेले. असं एखादं तरी घर आता प्रत्येक सोसायटीत सापडतं. तिकीट मुलांनी तिकडूनच काढून पाठवलेलं असतं. मग एखाद्या संध्याकाळी बाबा मोबाइल घेऊन येतात आणि विचारतात, "इथे नऊ तास पंचेचाळीस मिनिटं लिहिलंय. पण निघायची वेळ दुपारी सव्वाएक आणि पोचायची संध्याकाळी साडेसहा. हे तर सव्वापाच तासच झाले. मधले साडेचार तास गेले कुठे?"

फार चांगला प्रश्न आहे हा. विचारायला संकोचू नका, कारण याचं उत्तर नीट समजलं की पुढचा सगळा प्रवास सोपा होतो. गेली काही वर्षं मी नात्यातल्या आणि ओळखीतल्या माणसांना एका पानावर त्यांचा प्रवास मांडून देते. ते पान कसं तयार करायचं, तेच इथे ओळीने सांगते. उदाहरण मुंबई-लंडनचं घेतलंय, पण ही रीत कुठल्याही दोन शहरांना चालते. कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

पायरी १: आधी विमानतळ आणि टर्मिनल पक्कं करा

लंडनच्या नावाने सहा विमानतळ ओळखले जातात: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथएंड. हीथ्रो शहराच्या पश्चिमेला, मध्य लंडनपासून साधारण २४ किमीवर आहे. गॅटविक दक्षिणेला, ४५ किमीच्या आसपास. मुलगी रेडिंगला राहत असेल तर हीथ्रो जवळ, ब्रायटनला राहत असेल तर गॅटविक. तिकीट काढण्याआधीच हे बघितलं तर उतरल्यावरचे दोन-तीन तास वाचतात.

आपल्याकडेही आता हा प्रश्न आलाय. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुटायला लागली. त्यामुळे "मुंबई" एवढंच वाचून सहारची टॅक्सी ठरवू नका. तिकिटावर तीन अक्षरी खूण असते: सहार-सांताक्रूझचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय, हीथ्रोचा एलएचआर, गॅटविकचा एलजीडब्ल्यू. दोन्ही टोकांच्या खुणा आणि टर्मिनलचा आकडा पानाच्या अगदी वर लिहा. हीथ्रोला सध्या २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनलं चालू आहेत. घ्यायला येणाऱ्या माणसाला नुसतं "हीथ्रोला ये" सांगितलं तर तो एका टर्मिनलला आणि तुम्ही दुसऱ्या टर्मिनलला, अशी चुकामूक होते.

पायरी २: अंतर मोजा

आधी घरचं उदाहरण घेऊ. मुंबई ते नागपूर किती? रेल्वेने ८३७ किमी; नुसता समृद्धी महामार्गच ७०१ किमीचा. आणि विमानाने? दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर सहज मिळतात. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशांतला फरक २ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, तेव्हा उत्तर-दक्षिण अंतर झालं २२२ किमी. रेखांशांतला फरक ६.१८ अंश. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ किमीचाच असतो, पण उत्तरेला सरकावं तसा तो आक्रसतो. आपल्या २० अक्षांशाजवळ त्याला ०.९४ ने गुणायचं, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर आलं ६४५ किमी. आता शाळेतला पायथागोरस आठवा: दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज आणि वर्गमूळ. उत्तर येतं ६८२ किमी. अंतर कुठल्या तरी संकेतस्थळावर नुसतं वाचण्यापेक्षा एकदा असं स्वतः काढून बघा. आकडा हातात बसतो.

हजार-दीड हजार किमीपर्यंत ही रीत छान चालते. लंडनला हीच लावली तर मात्र साडेसात हजारांच्या वर आकडा येतो आणि तो चुकीचा आहे. खरं अंतर सुमारे ७,२१० किमी. एवढ्या लांबच्या पल्ल्यात पृथ्वीचा गोलावा मोजावाच लागतो.

हे पटवून देण्यासाठी मी एकदा भाचीच्या टेबलावरचा पृथ्वीगोल आणि शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणला. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट पकडतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, त्याचाच हा तुकडा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर याच दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली तर मधला बिंदू सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेजवळ येतो. गोलावरचा दोरा मात्र कितीतरी उत्तरेकडे फुगला आणि त्याचा मध्य आला जॉर्जियातल्या तिबिलिसीपाशी. भाचीने दोरा काढून पट्टीवर मोजला तर १७ सेंटिमीटर भरला. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किमी. करा गुणाकार.

ज्यांना एवढं करायचं नसेल त्यांनी गूगल मॅप्समध्ये एका विमानतळावर बोट दाबून धरावं, पिन पडली की अंतर मोजण्याचा पर्याय निवडावा आणि नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळावर न्यावा. तिथेही गोलावरचंच अंतर मिळतं. एक काळजी घ्या: काही ठिकाणी अंतर मैलांत दिलेलं असतं आणि मैल दोन प्रकारचे आहेत. साधा मैल १.६०९ किमीचा, सागरी मैल १.८५२ किमीचा. मुंबई-लंडन म्हणजे सुमारे ४,४८० साधे मैल, पण ३,८९० सागरी मैल. आकडे जुळले नाहीत तर आधी एकक तपासा.

पायरी ३: अंतरावरून वेळ काढा

देशातल्या मार्गांवरची बहुतेक जेट विमानं उंचीवर पोचल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास जातात, लांब पल्ल्याची मोठी विमानं ९०० च्या आसपास. पंख्याची एटीआर विमानं ५०० च्या जवळपास, म्हणून छोट्या शहरांच्या फेऱ्यांना अंतर कमी असूनही वेळ जास्त दिसतो.

माझा ठोकताळा असा: देशातल्या फेरीसाठी अंतराला ८०० ने भागा आणि वर ३५-४० मिनिटं धरा. नागपूरला ५१ मिनिटं अधिक ३५, म्हणजे साधारण दीड तास. वेळापत्रकातही जवळपास तेवढंच असतं. लांब पल्ल्याला ८५० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. लंडनसाठी उत्तर येतं नऊ तास दहा मिनिटं.

वरची मिनिटं कशाची? तिकिटावरची निघायची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची वेळ असते आणि पोचायची वेळ ही तिकडे जागेवर उभं राहण्याची. मध्ये धावपट्टीपर्यंत सरपटणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं, सगळं आलं. मुंबईत जागेवरून हलल्यावर चाकं उचलेपर्यंत वीस मिनिटं सहज जातात. हीथ्रोवर गर्दीच्या वेळी उतरण्याआधी विमानं ठरलेल्या चार ठिकाणी एकावर एक थर लावल्यासारखी गोल फिरत ठेवतात. खिडकीतून खालचं तेच शेत तिसऱ्यांदा दिसलं तर घाबरू नका. आपली पाळी यायची आहे, एवढंच.

आता वाऱ्याकडे या. लंडनचं जाण्याचं तिकीट बघा: साडेनऊ ते दहा तास. येण्याचं बघा: नऊच्या आसपास. रस्ता तोच, मग अर्धा-पाऊण तास कुठून आला? नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. जाताना आपण वाऱ्याच्या तोंडावर असतो, येताना वारा पाठीशी असतो. ताशी ९०० किमीच्या विमानाला सरासरी ५० किमीचा वारा समोरून मिळाला तर वेग राहतो ८५०, पाठीमागून मिळाला तर होतो ९५०. ७,२१० किमीवर या दोन वेगांतला फरक जवळजवळ ५४ मिनिटांचा.

हा वारा काय करू शकतो याचं एक टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं आहे. सियारा वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या फेरीला साडेसहा-सात तास लागतात. आणि एक आपल्याकडचं: ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किमीने वाढून १५,३०० च्या घरात गेलं, पण वारा पाठीशी आल्यामुळे वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. म्हणून कोणी "अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त" असं ठामपणे सांगू लागलं तर दिशा कोणती, हे विचारा.

पायरी ४: आकाश उघडं आहे का बघा

लाल दोऱ्याची वाट मी वर सांगितली, पण त्या वाटेखाली काय आहे? अरबी समुद्र, बलुचिस्तान, इराण, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन आणि मोल्डोवाचा टापू आणि मग मध्य युरोप. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपलं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यात लढाई पेटली तेव्हा इराण, इराक, जॉर्डन यांची आकाशं काही दिवस बंद होती.

बंद आकाशाला वळसा घालावा लागतो. म्हणूनच एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांच्या विमानांना वेगवेगळा वेळ लागू शकतो. अशा वेळी वेळापत्रकापेक्षा प्रत्यक्षात काय चाललंय ते बघणं बरं. फ्लाइटरडार२४ सारख्या ठिकाणी आपल्या विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते किती वाजता सुटलं आणि किती वाजता उतरलं ते दिसतं. चार-पाच दिवसांचे आकडे लिहून काढा. रोज चाळीस मिनिटं उशीर होत असेल तर घ्यायला येणाऱ्यांना तसं सांगता येतं आणि पुढचं दुसरं विमान गाठायचं असेल तर हे बघायलाच हवं.

पायरी ५: दोन घड्याळं जुळवा

आता बाबांचे साडेचार तास शोधू. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. इंग्लंडात मात्र वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. म्हणून उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच.

रीत सोपी आहे. निघायची वेळ भारताच्या घड्याळाने लिहा, प्रवासाचे तास मिळवा आणि शेवटी फरक वजा करा. दुपारी १:१५ अधिक ९ तास ४५ मिनिटं म्हणजे रात्रीचे ११. त्यातून उन्हाळ्यातले साडेचार तास काढले की लंडनचे संध्याकाळचे ६:३०. हेच विमान हिवाळ्यात निघालं असतं तर तिथे ५:३० वाजले असते. म्हणजे विमानात तुम्ही पावणेदहा तासच बसणार आहात. सव्वापाच हा आकडा दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी केल्यामुळे आला.

येताना उलटं करा, पण मिळवा. लंडनहून रात्री ८:३० ला निघालात आणि नऊ तास लागले तर लंडनच्या घड्याळाने पहाटेचे ५:३०. त्यात उन्हाळ्यातले साडेचार मिळवले की मुंबईत सकाळचे १०, दुसऱ्या दिवशीचे. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक "+१" असतो, तो हाच. तो दिसला की पेनाने गोल करा.

पायरी ६: रात्री बाराचा फेरा

या पायरीवर मी सगळ्यांना थांबवते, आणि त्याला कारण आहे.

माझी मावशी आणि काका साताऱ्याला राहतात. लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी दोघं लंडनला निघाले होते. तिकिटावर होतं: १४ तारीख, ०१:२५. त्यांनी १४ तारखेला दिवसभर आवराआवर केली, शेजाऱ्यांकडे किल्ल्या दिल्या, देवापुढे दिवा लावला आणि संध्याकाळी गाडीत बसले. रात्री दहाच्या सुमारास टर्मिनलच्या दारात पोचले. तिथल्या जवानाने तिकीट पाहिलं, तारखेवर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अंकल, ये तो कल रात की फ्लाइट थी." विमान सुटून वीस तास उलटले होते. मावशी ट्रॉलीवरच्या डिंकाच्या लाडवांच्या डब्यावर हात ठेवून तिथेच बाकावर बसली. कितीतरी वेळ काही बोलली नाही. दुसरं तिकीट तीन दिवसांनंतरचं मिळालं आणि ती पोचली त्याच्या आदल्या दिवशी नात जन्मली होती.

ते तिकीट मीही पाहिलं होतं. मलाही कळलं नव्हतं.

आपण ही चूक का करतो ते मला नंतर उमगलं. आपल्या बोलण्यात रात्र ही मावळलेल्या दिवसाची असते. पंचांगातला वारही सूर्योदयाला बदलतो. आई म्हणते "सोमवारी रात्री दोनला जाग आली", तेव्हा ती घड्याळाच्या हिशेबाने मंगळवारची वेळ सांगत असते आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. तिकिटाची तारीख मात्र रात्री बाराच्या ठोक्याला बदलते.

मुंबईहून युरोपला जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतरच सुटतात. रात्री अडीचला निघालेलं विमान तिकडे सकाळी पोचतं आणि पुढचं विमान किंवा आगगाडी गाठायला दिवसभराचा वेळ मिळतो. त्यामुळे हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो.

म्हणून नियम करा. निघायची वेळ ००:०० ते ०५:५९ मध्ये असेल तर पानावर विमानाच्या तारखेआधी घर सोडायची तारीख लिहायची, वारासकट, मोठ्या अक्षरात: "बुधवार १३ तारखेला दुपारी घर सोडायचं. मध्यरात्रीनंतर विमान." मग ते पान फ्रिजवर लावा. गाडीवाल्यालाही हीच तारीख सांगा.

पायरी ७: थेट जायचं की मध्ये थांबायचं

आखातातून गेलं की फार वळसा पडतो असं पुष्कळांना वाटतं. मोजून बघा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किमी, दुबई-लंडन सुमारे ५,५००. बेरीज ७,४३०. थेट वाटेपेक्षा जेमतेम २२० किमी जास्त. अंतरात काही जात नाही, वेळ जातो तो थांब्यात. सव्वातीन तास आणि साडेसात तास मिळून पावणेअकरा होतात, त्यात तीन तासांचा थांबा धरला की पावणेचौदा.

थांब्याच्या तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावाच्या घड्याळाने छापलेली असते. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. तीन गावांची तीन घड्याळं डोक्यात ठेवण्यापेक्षा सगळ्या वेळा एकदा भारताच्या घड्याळात लिहून घ्या, मग बेरीज-वजाबाकी करा.

माझं मत विचाराल तर साठीपुढच्या, पहिल्यांदा निघालेल्या माणसांनी परवडत असेल तर थेट विमानाने जावं. थांबा घ्यायचाच असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असावेत. मग सामान बहुतेक वेळा सरळ लंडनला जातं आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय कंपनीला बघावी लागते. वेगवेगळी तिकिटं काढली की पुढचं विमान चुकल्याचा भुर्दंड आपला. दीड तासाहून कमी थांबा घेऊ नका. अडीच-तीन तास असले की पाय मोकळे करून, पाणी पिऊन, फाटक शोधून शांतपणे बसता येतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करून ठेवा. त्यात कमीपणा काहीच नाही. मोठ्या विमानतळांवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं.

पायरी ८: शेवटाकडून मागे मोजा

आता पान पूर्ण करू. कोथरूडहून निघून रेडिंगला पोचायचं आहे, विमान दुपारी १:१५ चं, उन्हाळ्यातलं. सामानाची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि त्याआधी रांग, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी. म्हणून सकाळी १० ला विमानतळावर हजर. कोथरूड ते सहार सुमारे दीडशे-एकशेसाठ किमी, रस्ता मोकळा असेल तर चार तास धरा. पावसाळ्यात घाटात दरड आली, जोडून सुट्ट्या आल्या, वाशीच्या पुलाच्या आधी गाड्या थबकल्या, या सगळ्यासाठी वर दीड तास. म्हणजे घर सोडायचं पहाटे ४:३० ला.

पलीकडच्या टोकाला ६:३० ला विमान जागेवर लागलं. पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, ट्रॉली, बाहेर येईपर्यंत ८. तिथून रेडिंगला बसने किंवा गाडीने तासभर. रात्री ९ ला लेकीच्या दारात. भारताच्या घड्याळाने तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो.

पहाटे साडेचार ते रात्री दीड, म्हणजे २१ तास. त्यातले विमानात पावणेदहा, बाकी सव्वाअकरा तास जमिनीवर. हाच आकडा मला तुमच्या पानावर सगळ्यांत खाली, ठळक लिहिलेला हवा आहे. खाण्याचा डबा, औषधं, झोप, मोबाइलचं चार्जिंग, सोबत नेलेला पॉवर बँक, सगळ्याची तयारी या २१ तासांची करायची.

पायरी ९: गोळ्यांची वेळ

एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मोबाइल लंडनला उतरल्यावर आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो आणि सकाळी आठचा गोळीचा गजरही तिथल्या आठला वाजतो. म्हणजे आदल्या गोळीपासून २४ ऐवजी साडेअठ्ठावीस तासांनी. एखाद्या जीवनसत्त्वाच्या गोळीला त्याने काही बिघडत नाही, पण इन्सुलिन, फीट येण्याचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, यांच्या बाबतीत निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना प्रवासाचं हे पान दाखवा आणि कोणता डोस किती तासांनी घ्यायचा ते त्यांच्याकडूनच पानावर लिहून घ्या. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, खाली जाणाऱ्या बॅगेत टाकू नका. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून मधल्या वाटेतून एक फेरी मारा.

जाताना दिवस लांबतो. सूर्याच्या मागे-मागे आपण जात असल्यामुळे मावळती लवकर येतच नाही. पहिल्या रात्री तिकडच्या नऊ-साडेनऊपर्यंत जागं राहायचा प्रयत्न करा, पहाटे तीन-चारला जाग आली तरी पडून राहा. चार-पाच दिवसांत शरीर तिथल्या वेळेला सरावतं. परत आल्यावर, पूर्वेकडे प्रवास झाल्यामुळे, बहुतेकांना जास्त दिवस लागतात. तेव्हा परतल्याच्या दुसऱ्या दिवशी घरात पूजा किंवा कार्य ठेवू नका.

परतीचं पान

परतीसाठी वेगळं पान करा आणि ते जातानाच सोबत द्या. लंडनहून रविवारी रात्री ८:३० ला निघायचं असेल तर संध्याकाळी ५:३० पर्यंत हीथ्रोवर. रेडिंगहून ४ ला निघणं. मुंबईत सोमवारी सकाळी १० ला विमान लागेल. उतरताना बहुतेक वेळा ते पूर्वेच्या बाजूने, घाटकोपर-कुर्ल्याच्या घरांवरून अगदी खालून येतं. बाहेर पडायला अकरा-साडेअकरा. पुण्याच्या गाडीवाल्याला "आम्ही रविवारी निघतोय" असं सांगू नका. "सोमवारी सकाळी साडेअकरा, सहार, टर्मिनल २" असं लिहून पाठवा आणि त्याच्याकडून वार पुन्हा एकदा वदवून घ्या.